परुळेकरांचं नाव सांगा

डॉक्टर परुळेकरांच्या पाटीवर ते कशाचे डॉक्टर आहेत हे लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तर बोरिवलीतला एकही सभ्य माणूस तो जिना चढला नसता. परुळेकर मानसोपचारतज्ज्ञ होते आणि त्यांच्या सुदैवाने त्याच मजल्यावर, समोरच्याच दारात, एक दंतवैद्य बसत असे. जिन्यात कुणी ओळखीचं भेटलं की 'दाढ ठणकतेय हो' म्हणून वेळ मारून नेता यायची. एक गृहस्थ तर गालाला रुमाल लावूनच जिना चढायचे आणि आमच्या दारात आले की रुमालाची नीट घडी करून खिशात ठेवायचे. दर दिवाळीला आमच्याकडून दंतवैद्याला काजूकतलीचा मोठा डबा जायचा. तो कशाबद्दल, हे त्या भल्या माणसाने कधी विचारलं नाही.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी या दवाखान्यात संध्याकाळची बसू लागले. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या आणि आलेल्या माणसाकडे आपण त्याला ओळखत नाही अशा चेहऱ्याने बघायचं, एवढंच काम. त्यातलं शेवटचं मला बँकेतल्या नोकरीमुळे चांगलंच जमायचं.

परुळेकर मूळचे मालवणचे. उंची बेताची, पोट चांगलं सुटलेलं, अंगात बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. सकाळी ते महापालिकेच्या एका रुग्णालयात मानसेवी डॉक्टर म्हणून जात. मानसेवी म्हणजे मान पूर्ण आणि मानधन पेट्रोलपुरतं. संध्याकाळी आमच्याकडे येत तेव्हा शर्ट तोच असे, वर फक्त एक करडा कोट चढे. "टिपणीसबाई, फीमधला अर्धा वाटा या कोटाचा हां," बटणं लावता लावता ते म्हणत. "सकाळी कोट नसतो, म्हणून तिथे फुकट."

"मी सकाळी रोग बघतो आणि संध्याकाळी रोगी बघतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सकाळी इतकी गर्दी असे की झोप लागते का, कानात आवाज येतात का, गोळी घेतोस का, एवढं विचारेपर्यंत पुढचा माणूस आत शिरलेला असे. संध्याकाळी त्याच आजाराच्या माणसाला पाऊण तास मिळे, सोफा मिळे, गार पाणी मिळे आणि बघायला काचेच्या पेटीतले मासेही मिळत. त्या माशांकडे परुळेकरांनी कधी ढुंकून पाहिलं नाही. खायचे नसलेले मासे पाळण्यात काय अर्थ आहे हे त्यांना कळत नसे.

"आजार तोच, डॉक्टर तेच, गोळीसुद्धा तीच, मग माणसं पैसे कशाचे देतात हो?" असं मी एकदा विचारलं.

"खुर्चीचे," ते म्हणाले. "तिथे बाकडा आहे, इथे खुर्ची आहे. आणि इथे शेजारी कोण बसलाय ते बघायला लागत नाही, त्याचे वेगळे."

प्रत्येक पेशंटला त्यांचा पहिला प्रश्न एकच असे. "जेवलात काय? काय जेवलात?" पेशंट बुचकळ्यात पडायचा. इतकी फी भरून आल्यावर डॉक्टरने बालपणाबद्दल विचारावं अशी त्याची अपेक्षा असायची, आणि हे विचारतात भाजी कसली होती. पण परुळेकरांचा त्यावर गाढ विश्वास होता. खचलेल्या माणसाला काय खाल्लं ते आठवत नाही, आणि भलत्या उत्साहात असलेला माणूस न खाल्लेलेही पदार्थ सांगतो, असं ते म्हणत. "माणूस कालवणाला नावं ठेवायला लागला की समजावं, सुधारतोय. मग गोळी कमी करायची."

लोखंडी सळयांचे एक व्यापारी आमच्याकडे यायचे. त्यांना झोप लागत नसे. परुळेकरांनी एक साधी गोळी लिहून दिली तर पुढच्या आठवड्यात ते नाराज होऊन परत आले. "डॉक्टर, ही फार स्वस्त आहे. दुकानदारसुद्धा हसला. जरा चांगल्यातली द्या ना." परुळेकरांनी गंभीर चेहरा केला, थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि तीच गोळी एका महागड्या कंपनीच्या नावाने लिहून दिली. व्यापारी दोनच दिवसांत ढाराढूर झोपू लागले. "पैशाचाही गुण येतो, टिपणीसबाई," डॉक्टर मला म्हणाले, "पण तो फक्त पैसेवाल्यांना." हे सांगताना ते हसत होते, पण नंतर बराच वेळ उगीच टेबलावरचं पेपरवेट फिरवत बसले.

अंधेरीच्या एका कंपनीने त्यांना एकदा भाषणाला बोलावलं होतं. कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याचा सप्ताह होता आणि तासाभराच्या भाषणाचे पैसे परुळेकरांच्या सकाळच्या कित्येक महिन्यांच्या मानधनाइतके होते. सभागृहात प्रत्येकाच्या हातात एकेक पिवळा रबरी चेंडू दिलेला. तो दाबायचा म्हणजे ताण निघून जातो. भाषण झाल्यावर तिथल्या अधिकारी बाईंनी अभिमानाने सांगितलं की कंपनी प्रत्येकाला समुपदेशनाच्या तीन बैठका फुकट देते.

"आणि चौथी लागली तर?" परुळेकरांनी विचारलं.

"आमच्या पॉलिसीत तीनच आहेत, सर."

"वा! म्हणजे चौथ्या वेळेपर्यंत माणूस बरा होतो, हे कंपनीचं धोरण आहे. आमच्या शास्त्राला अजून हे जमलेलं नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे काम करणारी ही मुलं संध्याकाळी घरी कधी जातात?"

"ते फ्लेक्सिबल आहे, सर," बाई म्हणाल्या. मागच्या रांगेतला एक मुलगा खो खो हसला आणि लगेच गप्प होऊन चेंडू दाबू लागला. येताना परुळेकरांनी उरलेले चेंडू एका पिशवीत भरून मागून घेतले. ते दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या रुग्णालयात पेशंटांबरोबर आलेल्या पोरांना वाटले आणि ओपीडीच्या हॉलमध्ये क्रिकेट सुरू झालं.

त्या हॉलमध्ये मीही असायचे. तिथली समाजसेविकेची जागा रिकामी होती. "भरती होईपर्यंत सकाळच्या या, टिपणीसबाई, लोकांना जरा बसवा-उठवायला," असं परुळेकर म्हणाले आणि मी गेले. भरती माझ्या डोळ्यांदेखत कधी झाली नाही.

आता आपटे सरांबद्दल सांगायला हवं, कारण परुळेकर माणूस म्हणून मला खरे कळले ते त्यांच्यामुळे. आपटे सर महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. पत्नी गेलेली, घरात ते आणि तिशी ओलांडलेली मुलगी मंजिरी. मंजिरीचा आजार असा, की कधी कधी दिवसच्या दिवस झोपायची नाही, बोलत सुटायची, भलभलत्या वस्तू मागवायची. आणि मग महिनोन् महिने अंथरुणातून उठायची नाही. गोळ्या नियमित असल्या की एका ग्रंथालयात छान नोकरी करायची. आयुष्यभर रोज गोळ्या, एवढीच तिच्यासाठी अट होती.

एकदा तिला खासगी रुग्णालयात ठेवावं लागलं. सरांची विमा पॉलिसी होती. कंपनीने सांगितलं की आजार आधीपासूनचा आहे, तेव्हा पैसे मिळणार नाहीत. पुढे रोजच्या गोळ्यांचे आणि फीचे पैसे विचारले, तर ते घरी राहून होणारे उपचार, ते पॉलिसीत बसत नाहीत. म्हणजे माणूस रुग्णालयात जाऊन झोपला तर कंपनी विचार करणार आणि रुग्णालयात जावं लागू नये म्हणून घरी गोळी घेत राहिला तर तो त्याचा खासगी शौक. सरांची ठेव त्या एका महिन्यात संपली.

त्यानंतर एका संध्याकाळी सर मंजिरीला आमच्याकडे घेऊन आले तेव्हा तिचे डोळे लकाकत होते. "काय जेवलीस?" असं विचारल्यावर तिने पुरणपोळीपासून बिर्याणीपर्यंत सगळं सांगितलं. परुळेकरांनी तिला बाहेर माझ्याजवळ बसवलं आणि सरांना गोळ्यांबद्दल विचारलं. दार अर्धवट उघडं होतं.

"एक दिवसाआड देतो," सर खाली बघून म्हणाले. "पुरवून पुरवून."

"सर, ही गोळी साखरेसारखी कमी-जास्त घालायची नाही हो. तुम्ही असं करा, सकाळी माझ्याकडे महापालिकेत या. हीच गोळी आहे. फुकट आहे."

सर ताठ उभे राहिले. "डॉक्टर, आमची परिस्थिती तितकी वाईट नाही."

परुळेकरांनी इथली फी माफ करतो म्हटलं, तर ते त्यांना जास्तच लागलं. फी मोजून दिली आणि मुलीला घेऊन निघून गेले. नंतर दोन महिने फिरकले नाहीत. परुळेकर रोज मला विचारायचे, आपट्यांचा फोन आला का? शेवटी एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन लावला आणि माझ्यासमोर बसून असं काही बोलले की मी पदराने तोंड दाबून धरलं.

"सर, एक गुपित सांगतो. महापालिकेत एक खास सोय झालीय. सगळ्यांना नाही मिळत. वशिला लागतो. तुमच्यासाठी मी माझं वजन खर्च करायला तयार आहे. खिडकीवर गेलात की फक्त माझं नाव सांगा. परुळेकरांनी पाठवलंय, म्हणावं."

फोनचा आवाज मोठा होता. पलीकडून सरांनी विचारलं, "नक्की होईल ना काम? नाहीतर हात हलवत परत यायला लागायचं."

ती खिडकी मी रोज बघत होते. भोकातून हात आत घातला की कुणालाही केसपेपर मिळायचा. नाव सांगायचं ते फक्त पेशंटचं. पण आपटे सर इस्त्रीचे कपडे घालून आले, खिडकीला तोंड लावून हळूच परुळेकरांचं नाव सांगितलं आणि केसपेपर हातात पडल्यावर त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला. पुढच्या वेळी त्यांनी खिडकीवरच्या कारकुनाला पेढे आणले. त्या बिचाऱ्याला नोकरीत पहिल्यांदाच कुणी पेढे दिले होते, त्यामुळे कशाबद्दल हे त्याने विचारलं नाही. मंजिरीच्या गोळ्या रोज सुरू झाल्या आणि काही आठवड्यांनी ती परुळेकरांना म्हणाली की बाबांच्या आमटीला चव नसते. परुळेकर त्या दिवशी दिवसभर खुशीत होते.

"फुकट म्हटलं की आपल्या माणसाला लाज वाटते," ते मला म्हणाले. "वशिल्याने म्हटलं की मान वाटतो. सरकारला हे एवढं साधं कळत नाही."

पण वशिला गुपचूप ठेवण्यात मजा नसते. सरांनी बागेतल्या कट्ट्यावर दोघा-तिघांना सांगितलं, "ओळख असेल तरच होतं हां." त्या दोघा-तिघांनी आणखी दोघा-तिघांना. गालाला रुमाल लावणारे गृहस्थही एक दिवस हॉलमध्ये दिसले, आता रुमालाशिवाय. बघता बघता बाकड्यांवर इस्त्रीचे शर्ट आणि जरीकाठाच्या साड्या दिसू लागल्या. सगळे खिडकीशी वाकून परुळेकरांचं नाव कुजबुजत. दत्तू नावाचा तिथला रखवालदार हुशार होता. वरून कसलाही आदेश नसताना त्याने आपणहून दोन रांगा केल्या. "परुळेकर साहेबांची माणसं इकडे, बाकीचे तिकडे." मी डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, चालायचंच, सुरुवातीला होतं असं.

'बाकीच्यां'त शेवंताबाई होत्या. दहिसरच्या टेकडीवरच्या झोपडपट्टीतून त्या आपल्या मोठ्या मुलाला, राजूला, घेऊन कित्येक वर्षं येत होत्या. राजू गोळ्यांवर असला की टेम्पोत माल चढवायचा. परुळेकरांशी त्यांचं इतकं जुनं नातं, पण डॉक्टरांचं नाव काय हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या त्यांना 'पोटवाले डॉक्टर' म्हणत. आता त्यांची पाळी यायला उशीर होऊ लागला, आणि औषधाच्या खिडकीवर पोचेपर्यंत राजूची गोळी संपलेली असे. "स्टॉक नाही, बाहेरून घ्या." पुढच्या खेपेलाही तेच.

मग एका सकाळी शेजारच्या दोघांनी राजूला ओढणीने हात बांधून आणलं. शेवंताबाईंच्या कपाळाला टाके होते. परुळेकर खुर्चीतून उठले.

"गोळी बंद केली काय गो?"

"मी कशाला बंद करू? मिळाली नाय. आमच्याकडं नाव नाय ना."

"कसलं नाव?"

"ते खिडकीवर सांगत्यात ते. मी दत्तूला इचारलं, कुठं मिळतं ते नाव? तो म्हणला, त्याला ओळख लागते."

परुळेकरांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्यांनी राजूला इंजेक्शन दिलं, त्याला वॉर्डात पाठवायची सोय केली, आणि मग हॉलमध्ये जाऊन उभे राहिले.

"मेल्या दत्तू, कोणी सांगितल्यान तुका दोन लायनी करूक?" ते ओरडले. मग सगळ्यांकडे वळून शुद्ध मराठीत बोलले, आणि ते जास्त भयंकर वाटलं. "ऐका. इथे माझं नाव कोणी सांगायचं नाही. इथे कोणाचाच वशिला चालत नाही, कारण लागतच नाही. हे सगळ्यांना फुकट आहे. पहिल्यापासून आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मानाच्या रांगेतून आपटे सर उठले. शेजारी मंजिरी होती. "म्हणजे तुम्ही मला फसवलंत?"

"हो, सर."

"मी जन्मात कधी फुकटचं घेतलं नाही, डॉक्टर."

"सर, तुमच्या शाळेतली पोरं किती फी भरायची?"

"ती पोरं गरीब होती."

"पोरं गरीब होती. शिकवणं गरीब होतं काय?"

सरांनी मंजिरीचा हात धरला आणि निघाले. ती मागे वळून बघत होती. परुळेकर वाद जिंकले आणि पेशंट गेला. मला त्या दिवशी दोघांचाही राग आला होता, आणि दोघांबद्दल वाईटही वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात इस्त्रीचे शर्ट नाहीसे झाले. सर्वांसाठी असलेली वस्तू आपल्यासाठी कशी असेल, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. काही जण आमच्या संध्याकाळच्या सोफ्यावर परतले, जिन्यात पुन्हा दाढा ठणकू लागल्या. औषधाच्या खिडकीवर गोळ्या पुरू लागल्या. राजू पुन्हा टेम्पोवर गेला. आपट्यांचा फोन मात्र लागत नव्हता. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले, तर सरांनी दार न उघडताच सांगितलं की सगळं उत्तम आहे.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर ही ओपीडी एका खासगी संस्थेला चालवायला द्यायचं ठरलं. खुर्च्या येणार, पंखे येणार, मानसेवी डॉक्टर मात्र लागणार नव्हते. परुळेकरांनी संध्याकाळचा दवाखाना आणखी वर्षभर चालवला, मग मालवणला गेले आणि तिथेच गेले. त्या वर्षात मी त्यांना रोज बघत होते. तरी शेवटचे म्हणून मला आठवतात ते महापालिकेतल्या त्यांच्या अखेरच्या सकाळचे.

हॉल गच्च भरला होता. उशिरा, रांगेच्या अगदी शेवटी, मंजिरी येऊन बसली. एकटी. वाळली होती, पायाचा अंगठा सारखा हलत होता. मी आत जाऊन सांगितलं.

डॉक्टर अर्धे उठले. दारातून त्यांना ती दिसत होती. "पुढे घेऊ?" मी विचारलं.

ते परत बसले. "नको. बाकीच्यांना काय सांगणार?"

औषधाची खिडकी साडेबाराला बंद होत असे. मंजिरी उठायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बसायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, गेली आता. डॉक्टर मान खाली घालून एकेक पेशंट बघत होते, त्या दिवशी कुणाला काय जेवलात म्हणूनसुद्धा विचारत नव्हते. ती अखेर आत आली तेव्हा घड्याळाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"एकटी आलीस?"

"बाबांना सांगितलं नाही," ती म्हणाली. "ते पुन्हा एक दिवसाआडच देतात. मला रोज हवीय."

परुळेकरांनी गोळ्या लिहून दिल्या. "पुढच्या महिन्यात दुसरे डॉक्टर असतील. तरी यायचं."

"खिडकीवर कुणाचं नाव सांगू?"

"तुझं," ते म्हणाले. "आता पळ."

ती पळाली. औषधाच्या खिडकीवर अजून रांग होती आणि आतल्या माणसाने शटरला हात घातला होता. परुळेकर खुर्ची मागे सारून उठले, जमेल तेवढ्या झपाझप हॉल ओलांडून गेले आणि मंजिरीच्या मागे, रांगेत, शेवटचे उभे राहिले.

"साहेब, तुम्ही रांगेत?" आतला माणूस गडबडला. "आत या ना. काय हवंय?"

"घाई नाही. माझा नंबर शेवटचा आहे. पुढच्यांचं होऊ दे."

डॉक्टर रांगेत उभे असताना शटर कोण ओढणार? एकेक जण गोळ्या घेऊन जात राहिला. मंजिरीने आपली पाकिटं पर्समध्ये ठेवली, चेन लावली, वळून त्यांच्याकडे बघितलं आणि बाहेर पडली. ती फाटकातून रस्त्यावर गेलेली दिसेपर्यंत परुळेकर मान वळवून बघत होते. मग ते खिडकीपाशी गेले.

"काय देऊ, साहेब?"

"काही नको," ते म्हणाले. "आता बंद कर."